गंजलेल्या इंजिनाला दर पावसाळ्यात लोणा का लागतो?

मॉडेलचं इंजिन गंजून पडलेलं दिसावं म्हणून महिना-दीड महिना खपायचं, आणि आषाढ लागला की त्या गंजावर पांढरट साय धरायची. माझ्या वायजी इंजिनावर सलग तीन पावसाळे हेच झालं. पहिल्या दोन वेळी मी वॉर्निशला आणि हवेला बोल लावला, दुसऱ्यांदा तर वरून आणखी एक हातही मारला. पुढच्या जुलैत पांढरं पुन्हा हजर. कोल्हापूरच्या हवेत मॉडेलवर गंज रंगवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे भोगावं लागतं, म्हणून जे सापडलं ते सविस्तर लिहितो.

आधी मॉडेल काय आहे ते सांगतो, कारण पांढरं कुठं फुटतं हे त्यावर ठरतं. वायजी म्हणजे मीटरगेजचं, एक मीटर रुंदीच्या रुळांवरचं, मालगाडीचं वाफेचं इंजिन, दोन-आठ-दोन चाकमांडणीचं, म्हणजे पुढं दोन लहान चाकं, मधे आठ मोठी, मागं दोन लहान. कोल्हापूर-मिरज लाइन १८९१ साली सुरू झाली ती मीटरगेजच होती. आज आपल्या स्टेशनात उभं राहून ते पटत नाही, पण म्हणूनच मला मीटरगेजचंच इंजिन करायचं होतं. प्रमाण १:८७. मोठी चाकं खऱ्या इंजिनात १,२१९ मिलिमीटरची, म्हणजे मॉडेलवर १४ मिलिमीटर. बॉयलरला इलेक्ट्रिक फिटिंगचा २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, बाकी अंग स्टायरीन या प्लॅस्टिकच्या शीटचं, हँडरेल तारेच्या. कनेक्टिंग रॉड काढून टाकलेले, केबिनचं छत कुजलेलं, टेंडरच्या, म्हणजे मागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, तळाला भोकं, असं सायडिंगला टाकून दिलेलं इंजिन.

रंगाचे पोपडे उडालेले दाखवायला मी मिठाची पद्धत वापरली. खाली गंजाचा रंग, त्यावर ओलं करून भुरभुरलेलं मीठ, वरून काळा रंग, वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं. जिथं मीठ होतं तिथं खालचा गंज उघडा पडतो. दिसतं झकास. सगळं दुखणं मात्र इथंच सुरू झालं, आणि ते कळायला मला तीन वर्षं लागली.

पहिल्यांदा पांढरं आलं तेव्हा कारण उघड होतं. भर जुलैत, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, मी डब्यातल्या स्प्रेनं मॅट वॉर्निश मारलं. पाच मिनिटांत अख्खं बॉयलर दुधाळ झालं. आमच्या ओळखीत फर्निचरला पॉलिश करणारे एक मामा आहेत. त्यांना दाखवलं तर लांबूनच म्हणाले, "पावसात लॅकर मारू नका ओ. मारायचीच झाली तर रिटार्डर घाला, न्हाईतर कपाट बी दह्यासारखं पांढरं पडतंय." ते ब्लशिंग होतं, म्हणजे हवेतली ओल ओल्या वॉर्निशमध्ये अडकून थर पांढरा पडणं. रिटार्डर म्हणजे थिनर सावकाश उडावा म्हणून त्यात घालायचं द्रावण. दिवाळीनंतर कोरड्या हवेत मी ते काढलं आणि विषय संपला असं धरून चाललो.

दुसऱ्या वर्षी इंजिन काचेच्या कपाटात होतं. त्याला कुणी हात लावला नव्हता, वॉर्निश मारून आठ महिने झाले होते. तरी जुलैत रिव्हेटांच्या ओळीतून, बॉयलर आणि रनिंग बोर्ड, म्हणजे त्याच्या कडेची चालायची फळी, यांच्या सांध्यातून, हँडरेलच्या बुडातून पांढरं वर आलं. तेव्हाच थांबून विचार करायला हवा होता. ब्लशिंग होतं ते वॉर्निश ओलं असताना, पहिल्या काही मिनिटांत. आठ महिने वाळलेल्या वॉर्निशला ते होत नाही. मी मात्र हवेला दोष दिला, वरून आणखी एक हात मारला आणि रोग आत कोंडून टाकला.

तिसऱ्या वर्षी उत्तर स्वयंपाकघरातून आलं. आई ओरडली, "मिठाच्या बरणीचं झाकण कुणी उघडं टाकलं? सगळ्याला पाणी सुटलंय." बरणी हातात घेतली आणि कपाटातलं इंजिन डोळ्यांपुढं आलं.

तर मुद्दा असा की गंजावरचं पांढरं एकाच जातीचं नसतं. दिसायला सारखी अशी चार दुखणी आहेत आणि चारींचे उपाय वेगळे आहेत. कोणतं आहे हे ठरेपर्यंत वॉर्निशचा डबा उघडू नका. चुकीच्या पांढऱ्यावर वॉर्निश मारलं की काम दुप्पट होतं.

ओळखायचं कसं

बारीक ब्रशनं डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब पांढऱ्यावर ठेवा. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं ते बॅटरीचं पाणी चालतं. नळाचं नको, त्यातले क्षार वाळून स्वतःच पांढरा डाग ठेवतात. थेंब पडला की पांढरं जवळपास नेहमीच नाहीसं होतं, त्यावर जाऊ नका. तो थेंब टिपकागदानं न टिपता ब्रशनंच उचला आणि काळ्या काचेच्या तुकड्यावर सोडा. मी जुन्या मोबाइलची फुटकी स्क्रीन वापरतो. पंख्याखाली वाळू द्या. काचेवर पांढरी कड उमटली आणि भिंगातून त्यात चौकोनी कण चमकले, तर ते मीठ. काच स्वच्छ राहिली आणि मॉडेलवरचं पांढरं वाळल्यावर जसंच्या तसं परत आलं, तर दोष वॉर्निशच्या थराचा.

जागाही बोलते. सांधे, रिव्हेट, कोपरे, जिथं जिथं पाणी साचतं तिथून पांढरं येत असेल तर मीठ. ज्या बाजूनं स्प्रे मारला त्या सगळ्या बाजूवर सारखं असेल तर वॉर्निश. चिकटवलेल्या जोडाभोवती प्रभावळीसारखं, आणि त्यात बोटांचे ठसेही उमटलेले असतील, तर इन्स्टंट ग्लूची वाफ. ही वाफ बोटांच्या ठशांवर बसून पांढरी होते. पोलीस ठसे उठवायला हाच गुण वापरतात. फक्त जिथं गंजाची पूड लावली होती तिथंच फिकट पडलं असेल तर पुडीत खडू आहे.

शेवटची दोन आधी उरकतो, ती सोपी आहेत. ग्लूच्या वाफेची झाक कापसाच्या काडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब घेऊन पुसली की लपते. वर रंग द्यायचा असेल तर ते तेल नंतर साबणाच्या पाण्यानं काढावं लागतं. पुढच्या वेळी ग्लू टाचणीच्या टोकानं घ्या, जोड होईपर्यंत पंख्याची हवा असू द्या, आणि केबिनच्या काचांना तो मुळीच लावू नका.

खडूचं असं की लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात फरशीचं लाल, पिवळं, काळं ऑक्साइड मिळतं, तो गंज रंगवायला अस्सल माल आहे. ते मुळात लोहाचंच ऑक्साइड. तुळशीवृंदावनाला लावतो ती काव, म्हणजे गेरू, तीही तीच. महागड्या परदेशी बाटल्यांत याहून फार वेगळं काही नसतं, हे मी जबाबदारीनं सांगतो. पण स्वस्त मालात भरीला खडूची पूड घातलेली असते. ओली असताना रंग गडद दिसतो, वाळला की पांढुरका पडतो. चिमूटभर पुडीवर लिंबू पिळा. फसफसलं तर खडू आहे, ती पूड बाजूला ठेवा. चांगली पूड मलमलीतून दोनदा गाळून घ्या.

वॉर्निश पांढरं पडलं असेल तर

यातही दोन जाती. पहिली ब्लशिंग. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार करतो. डब्यातल्या स्प्रेत तर दाबाखालचा वायू सुटल्यानं फवारा आधीच गार झालेला असतो. हवेचं तापमान २५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दव धरायला पृष्ठभाग साधारण १७ अंशांपर्यंत उतरावा लागतो, म्हणजे ८ अंशांची सोय आहे. तीच आर्द्रता ९० टक्के झाली की २३ अंशांनाच दव धरतं. जेमतेम २ अंश. एवढं गार तर कुठलाही स्प्रे करतो. मग ते पाणी ओल्या वॉर्निशमध्ये अडकतं आणि थर दुधाळ होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागली की माझी स्प्रेची कामं बंद. एक साधं आर्द्रतामापक भिंतीवर लावलंय. काटा ६५ च्या वर असेल तर लॅकर मारायची नाही, हा माझा नेम.

ब्लशिंग दुरुस्त होतं. कोरडा दिवस बघून त्याच जातीच्या थिनरमध्ये रिटार्डर मिसळून एअरब्रशनं अगदी हलका फवारा मारा. थर पुन्हा मऊ होतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि खालचा रंग उघडा पडतो. फवारा ओघळेल इतका मारू नका. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचा, थिनर उघड्या स्टायरीनला लागला तर प्लॅस्टिक विरघळतं. आधी टेंडरच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाही अशा जागी करून बघा.

दुसरी जात म्हणजे मॅट करणारी पूड वर येणं. मॅट वॉर्निशमध्ये बारीक सिलिका असते आणि ती तळाला बसते. डबा नीट हलवला नाही, किंवा इतक्या लांबून मारलं की थेंब वाटेतच वाळले, तर पृष्ठभाग खरखरीत आणि पांढरट होतो. हे थिनरनं जात नाही. ग्लॉस वॉर्निशचा एक हात द्या, पांढरं बुडून जाईल. मग नीट हलवलेलं मॅट जवळून, पातळ मारा.

आता खरं दुखणं, मीठ

मिठाचा नियम सोपा आहे. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. ते साधं दळलेलं मीठ. खडेमिठात मॅग्नेशियम क्लोराइडचाही अंश असतो, आणि तो तर ३५ टक्क्यांच्या आतच पाणी ओढायला लागतो. मोठे पोपडे मिळावेत म्हणून मी खडेमीठ कुटून वापरलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं ७५ टक्के ओलांडायला काहीच लागत नाही. मॅट वॉर्निशचा थर दिसतो तेवढा बंद नसतो. ओल आत शिरते, मीठ विरघळतं, सांध्या-भेगांतून बाहेर सरकतं, आणि दोन दिवस उघडीप मिळाली की तिथंच वाळून पांढरं होतं. शिरोळकडच्या उसाच्या रानात पाणी जास्त झालं की जमीन क्षारपड होते, खालचा क्षार पाण्याबरोबर वर येतो आणि पाणी उडून गेलं की मागं राहतो. वीतभर इंजिनावर अगदी तेच चाललेलं असतं.

पण मीठ तर खरवडून काढलं होतं, मग राहिलं कुठलं? इथं माझी मूळ चूक होती. मी पृष्ठभाग पाण्यानं ओला करून मीठ टाकलं. दाणा पाण्यात पडला की त्याचा थोडा भाग विरघळतो आणि ते खारं पाणी सगळीकडं पसरून वाळतं. ब्रशनं खरवडताना दाणे जातात, पसरलेला खार जात नाही. तो रंगाच्या दोन थरांमध्ये, रिव्हेटांच्या मुळाशी बसून राहतो. वर माझ्या हँडरेल लोखंडी तारेच्या होत्या. त्या खारानं खरंच गंजल्या आणि त्यांचा लाल पाझर पांढऱ्यात मिसळला. मॉडेलवरचा खरा गंज रंगवलेल्या गंजापुढं फार वाईट दिसतो, हे तेव्हा कळलं.

आधीच लोणा लागलेलं मॉडेल असं वाचवता येतं. चाकं, मोटर असेल ती, सुटे होतील तेवढे भाग काढा. जिथून पांढरं येतंय तिथलं वॉर्निश उघडल्याशिवाय पाणी मिठापर्यंत पोचत नाही. बारा नंबरी म्हणजे १२०० चा वॉटर पेपर बोटाएवढा कापून, ओला करून सांध्याच्या कडेनं फिरवा. वॉर्निश ॲक्रिलिक असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कापसाची काडी लावली की ते मऊ होतं, पण खालचा रंगही उचलला जातो, म्हणून काडी एका जागी घासत बसायचं नाही. मग मऊ दातब्रश आणि कोमट डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब. धुवा, पाणी टाकून द्या, नवं पाणी घ्या. शेवटचं पाणी बिनसाबणाचं. प्रत्येक वेळी शेवटच्या पाण्याचा एक थेंब काळ्या काचेवर वाळवून बघा. माझ्या इंजिनाला पाच पाणी लागली. चौथ्या थेंबापर्यंत काचेवर कड येत होती, पाचवा वाळला तेव्हा काच कोरी होती.

बॉयलर पाइपाचं असेल तर त्यात पाणी शिरतं आणि आठवडाभर झिरपत राहतं. स्मोकबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या धुराच्या पेटीच्या, पोटाला खालून २ मिलिमीटरचं एक भोक पाडा. खऱ्या टाकाऊ इंजिनालाही तिथं भोकं पडलेलीच असतात, काही बिघडत नाही. वाळवायला मी जुनी पत्र्याची ट्रंक वापरतो. आत पिवळ्या प्रकाशाचा जुना ४० वॅटचा बल्ब, झाकणाला दोन बोटांची फट, मॉडेल बल्बपासून लांबच्या टोकाला, आत थर्मामीटर. ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, पातळ स्टायरीन वाकतं. दोन दिवस ठेवा. या ट्रंकेत कधीही स्प्रे करू नका आणि नुकतं स्प्रे केलेलं मॉडेल ठेवू नका. थिनरची वाफ आणि गरम बल्ब एकत्र आले की आग लागते.

लोखंडी हँडरेल मी उपटून फेकल्या. गुजरीत सोनाराच्या सामानाच्या दुकानातून अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार आणली आणि तीच बसवली.

नव्यानं करणार असाल तर मिठाचा नाद सोडा, असंच मी म्हणेन. हेअरस्प्रेनं तेच काम होतं आणि मागं काही राहत नाही. गंजाचे थर झाले की ते वॉर्निशनं बंद करा, त्यावर हेअरस्प्रेचे दोन हात, तो वाळला की ॲक्रिलिक काळा पातळ मारा. तासाभराच्या आत कोमट पाण्यात बुडवलेल्या ताठ ब्रशनं हव्या त्या जागी ओलं करून टोचा. खालचा हेअरस्प्रे विरघळतो आणि काळा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. पावसाळ्यात हेअरस्प्रे चिकट राहतो, त्याला हेअर ड्रायरची गार हवा द्या. दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलात तर रंग पक्का बसतो आणि मग टोचून हात दुखतात.

ज्यांना मिठाचा नैसर्गिक वेडावाकडा आकारच हवा, त्यांनी मीठ पाण्याऐवजी ओलसर हेअरस्प्रेवर टाकावं, दळलेलंच घ्यावं आणि काम डिसेंबर ते मार्चमध्ये करावं. दळलेल्या मिठाचा दाणा साधारण ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ ला इंचभराचा पोपडा, आणि तो बरोबर दिसतो. २ मिलिमीटरचा कुटलेला खडा म्हणजे १७ सेंटिमीटरचा खड्डा. धुताना काळी काच कोरी होईपर्यंत थांबायचं नाही.

गंजाच्या रंगाचं थोडं सांगतो, कारण पांढरं लपवायच्या नादात बरेच जण सगळं इंजिन नारिंगी करतात. जुना गंज काळपट तपकिरी असतो, नारिंगी म्हणजे ताजा, थोडा, ओलीच्या जागी. विश्वास बसत नसेल तर उद्यमनगरात एखाद्या फाउंड्रीबाहेर टाकलेल्या कास्टिंगच्या ढिगापुढं दहा मिनिटं उभं राहा. वरची कास्टिंग लाल, मधली चॉकलेटी, तळातली जवळजवळ काळी. इंजिनातही तसंच. स्मोकबॉक्सवर आवरण नसतं, तो तापून तापून रंग जाळून टाकतो, म्हणून सगळ्यात आधी आणि सगळीकडून गंजतो. बॉयलरवरचा पत्रा पातळ, आतलं उष्णतारोधक अस्तर ओल धरून ठेवतं, त्यामुळं तो खालच्या कडेनं कुजतो. टेंडरमध्ये ओल्या कोळशातल्या गंधकाचं आम्ल होतं, तिथला पत्रा चाळणी होतो. चाकांजवळच्या जोडांवर जुनं ग्रीस, तिथं गंज कमी आणि धुळीचा काळा थर जास्त.

आणि एक पांढरं इंजिनावर हवंच, ते मी या सगळ्या धुलाईत घालवून बसलो होतो. बॉयलरच्या पाण्यातला चुना वॉशआउट प्लगांखाली (बॉयलर धुण्याच्या भोकांची बुचं), इंजेक्टरच्या (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं साधन) ओव्हरफ्लोखाली आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाजूनं ओघळून वाळलेला असतो. तो ऑइल कलरनं काढायचा. पांढऱ्यात किंचित पिवळी माती मिसळा, प्लगाच्या खाली टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका द्या, टर्पेंटाइननं ओलसर केलेल्या चपट्या ब्रशनं एकदाच सरळ खाली ओढा. दुसऱ्यांदा ओढू नका, ओघळ पसरतो. मी परवा डाव्या बाजूचे तीन प्लग केले, उजवी बाजू राहिली आहे.